परोपकाराचे मूळ आणि कूळ

स्वतः तोशीस सोसून दुसऱ्याचे भले करणे म्हणजे परोपकार. व्याख्या सोपी आहे, पण अभ्यासक ती दोन निरनिराळ्या अर्थांनी वापरतात. जीवशास्त्रज्ञ फक्त परिणाम पाहतो. एखाद्या जिवाच्या वागण्यामुळे त्याची स्वतःची जगण्याची आणि संतती वाढवण्याची शक्यता घटली व दुसऱ्याची वाढली, की तो परोपकार. त्या जिवाच्या मनात काय होते, याच्याशी जीवशास्त्रज्ञाला कर्तव्य नाही. नीतीचा आणि मनाचा अभ्यास करणारे मात्र हेतू पाहतात. गावोगावच्या देवळांत पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचे नाव रंगवलेले असते. वारा सगळ्यांना सारखाच लागतो. तरीही नाव वाचल्यावर हे दान की जाहिरात, असा प्रश्न कुणाच्या तरी मनात येतोच. तो प्रश्न हेतूचा असतो.

युरोपात या गुणासाठी ‘आल्ट्रुइझम’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात फ्रेंच विचारवंत ऑगस्त काँत यांनी घडवला. त्याच शतकात चार्ल्स डार्विन यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला आणि पेच उभा राहिला. ज्याची संतती जास्त टिकते तोच पुढे जातो, असा निसर्गाचा हिशेब असेल, तर दुसऱ्यासाठी झिजणारा जीव मुळात उरलाच कसा? ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे मराठीत म्हणतात. विज्ञानाने मात्र या नदीचे मूळ चिकाटीने शोधले आहे.

डार्विन यांची अडचण

१८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात डार्विन यांनी ही अडचण लपवली नाही. मुंग्यांच्या वारुळातल्या कामकरी मुंग्या वांझ असतात. त्या आयुष्यभर राणीची अंडी आणि अळ्या सांभाळतात, अन्न वाहून आणतात, वेळ आली तर मरतात; त्यांचा वंश मात्र चालत नाही. मग कष्टाळूपणाचा हा गुण पिढ्यान् पिढ्या उतरतो कसा? डार्विन यांनी उत्तर शोधले ते शेतीत. चवदार भाजी शिजवून खाल्ली म्हणजे ते रोप संपले. पण माळी त्याच वाणाचे बी पुन्हा पेरतो आणि चव टिकते. तसाच, एकटा जीव संपला तरी त्याच्या कुळामार्फत गुण टिकू शकतो, असे त्यांनी सुचवले.

माणसाच्या उत्पत्तीवरच्या १८७१च्या ग्रंथात त्यांनी हाच प्रश्न माणसाबद्दल विचारला. साथीदारांना दगा देण्यापेक्षा मरण पत्करणारा शूर तरुण बहुधा मूलबाळ होण्याआधीच मरेल. मग शौर्य वाढेल कसे? अशा माणसांची टोळी दुसऱ्या टोळ्यांना भारी पडेल, हे त्यांनी ओळखले होते. परंतु गुण एका पिढीकडून दुसरीकडे नेमके कसे जातात, हे त्या काळी ठाऊक नव्हते. उत्तराची दिशा बरोबर होती. हिशेब मांडायला आकडे नव्हते.

दोन सख्खे किंवा आठ चुलत

आकडे आले विसाव्या शतकात, जनुकांचे ज्ञान झाल्यावर. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९५५ साली एका लेखात बुडणाऱ्या मुलाचे उदाहरण घेतले. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुके समाईक असतात, पुतण्या-भाच्यांत पाव, चुलत, मामे, मावस भावंडांत आठवा हिस्सा. पाण्यात उडी घ्यायला लावणारे एखादे जनुक असेल, तर उडी मारणारा मेला तरी वाचलेल्या नातलगांच्या शरीरांत ते टिकून राहू शकते. दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी आपण जीव देऊ, असे हॉल्डेन थट्टेने म्हणत, अशी आठवण त्यांच्या शिष्यांनी सांगितली आहे.

त्याच लेखात त्यांनी एक पुस्ती जोडली होती. आपण स्वतः दोन वेळा बुडणाऱ्यांना पाण्याबाहेर काढले आहे, पण त्या वेळी असली गणिते करायला सवड नव्हती. ही पुस्ती विनोदाने लिहिलेली असली, तरी साऱ्या विषयाची मेख तिच्यात आहे.

हॉल्डेन यांच्या थट्टेचे काटेकोर गणित विल्यम हॅमिल्टन या तरुण संशोधकाने केले. लंडनमध्ये शिकताना तो इतका एकटा पडला होता की, माणसांत बसल्यासारखे वाटावे म्हणून वॉटर्लू रेल्वे स्थानकातल्या बाकांवर बसून काम करी. १९६४ साली त्याचे दोन भागांतले लेखन प्रसिद्ध झाले. त्याचा नियम असा: मदतीमुळे दुसऱ्याला होणारा फायदा नात्याच्या प्रमाणाने गुणावा; हा गुणाकार मदत करणाऱ्याच्या नुकसानापेक्षा मोठा असेल, तर मदतीचा गुण पसरतो. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ या म्हणीला गणिताचा आधार मिळाला.

निसर्गात याची साक्ष सापडते. मधमाशीच्या कामकरी माशीची नांगी काटेरी असते. माणसासारख्या सस्तन प्राण्याला डसल्यावर ती कातडीत अडकते, आतड्याचा भाग तुटून बाहेर येतो आणि माशी मरते. सह्याद्रीतल्या सातेरी आणि आग्या माश्यांनाही हे लागू आहे. पण पोळ्यातल्या सगळ्या कामकरी माश्या एकाच राणीच्या लेकी, म्हणजे बहिणी असतात, आणि कामकरी माशी सहसा स्वतः वंश चालवत नाही. तिच्या मरणाने पोळे वाचले, तर तिच्या जनुकांचा तोटा होत नाही.

कॅलिफोर्नियातल्या डोंगराळ कुरणांतल्या जमिनीवरच्या खारींचा अभ्यास पॉल शर्मन यांनी केला. तो १९७७ साली प्रसिद्ध झाला. शिकारी प्राणी दिसताच काही खारी मोठ्याने ओरडून इतरांना सावध करतात. ओरडणारीकडे शिकाऱ्याचे लक्ष जाते, म्हणजे धोका तिलाच जास्त. शर्मन यांना दिसले की ओरडणाऱ्या बहुतेक माद्या असतात, आणि त्यातही आई, बहिणी, लेकी ज्यांच्या शेजारी राहतात त्या अधिक ओरडतात. नर मोठे झाले की जन्मस्थान सोडून दूर जातात. आसपास गोतावळा नसल्याने ते गप्प राहतात.

सावड

नात्याचा नियम भावाबहिणींपुरता ठीक, शेजाऱ्याचे काय? हे कोडे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली सोडवले. आज मी तुला मदत केली आणि उद्या तू मला केलीस, तर अखेरीस दोघांचाही फायदा होतो. अट एवढीच की दोघांची पुन्हा गाठ पडली पाहिजे आणि घेऊन न देणारा ओळखता आला पाहिजे.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे नवे नाही. पेरणी-कापणीच्या दिवसांत चार घरची माणसे आज एकाच्या रानात राबतात, उद्या दुसऱ्याच्या. या पद्धतीला सावड म्हणतात. मजुरी कुणी देत नाही, पण कुणाच्या रानात किती दिवस भरले हे सगळ्यांच्या लक्षात असते. लग्नघरी कोपऱ्यात बसून आहेर लिहून घेणारा माणूस हेच काम वहीवर करतो. ही वही पुढच्या लग्नात उघडायची असते.

प्राण्यांतही सावड आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत रक्तावर जगणारी वटवाघळे आढळतात. दोन-तीन रात्री रक्त मिळाले नाही, तर असे वटवाघूळ उपासमारीने मरते. पोट भरून परतलेले वटवाघूळ उपाशी सोबत्याच्या तोंडात थोडे रक्त ओकते. जेरल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिका देशात केलेल्या आणि १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की हे दान कुणालाही मिळत नाही. ते नातलगांना मिळते, आणि नाते नसले तरी एकाच ढोलीत वारंवार सोबत राहिलेल्यांना मिळते. भरल्या पोटाला थोडे रक्त गेल्याने फारसा फरक पडत नाही. रिकाम्या पोटाचा मात्र जीव वाचतो. परतफेडीची देवाणघेवाण टिकते ती या तफावतीवर.

दोन गटांचे उदाहरण

तिसरा मार्ग गटाचा. एका गटात राहणाऱ्या परोपकारी आणि स्वार्थी जिवांची तुलना केली, तर स्वार्थी जीव नेहमी पुढे जातात, कारण ते इतरांची मदत घेतात आणि स्वतः काही देत नाहीत. तरीही सगळे गट मिळून परोपकारी वाढू शकतात. हे ऐकायला विचित्र वाटते. आकडे मांडले की कळते.

समजा, दहा-दहा जिवांचे दोन गट आहेत. पहिल्यात ८ परोपकारी आणि २ स्वार्थी, दुसऱ्यात २ परोपकारी आणि ८ स्वार्थी. वीस जणांत परोपकारी १०, म्हणजे ५० टक्के. पहिल्या गटात मदतीचा सुकाळ आहे, म्हणून तिथे प्रत्येक परोपकाऱ्याला ४ आणि प्रत्येक स्वार्थ्याला ५ पिल्ले झाली. दुसऱ्यात दुष्काळ, तिथे परोपकाऱ्याला १ आणि स्वार्थ्याला २. पुढच्या पिढीत पहिल्या गटात ३२ परोपकारी व १० स्वार्थी झाले. परोपकाऱ्यांचे प्रमाण ८० टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर आले. दुसऱ्या गटात २ परोपकारी व १६ स्वार्थी. प्रमाण २० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले. दोन्हीकडे परोपकारी मागे पडले. पण एकूण ६० पिल्लांत परोपकारी ३४ आहेत, म्हणजे जवळजवळ ५७ टक्के. गाव करील ते राव काय करील, असा हा प्रकार आहे. मात्र गट कायमचे बंदिस्त राहिले, तर प्रत्येक गटातले स्वार्थी अखेरीस वरचढ ठरतात. जीव अधूनमधून विखरून नवे गट होत राहिले, तरच हा लाभ टिकतो.

नात्यातली निवड आणि गटांमधली निवड ही दोन्ही एकाच समीकरणात बसवून दाखवण्याचे काम केले जॉर्ज प्राइस यांनी. परोपकाराच्या अभ्यासाच्या इतिहासात त्यांच्याइतके विलक्षण आयुष्य दुसऱ्या कुणाचे नसेल.

जॉर्ज प्राइस यांचे समीकरण आणि आयुष्य

प्राइस यांचा जन्म १९२२ सालचा, न्यूयॉर्क राज्यातला. शिक्षण रसायनशास्त्रात, दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अणुबॉम्बच्या प्रकल्पात युरेनियमच्या पृथक्करणाचे काम केले. पुढे त्यांनी अनेक नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. ते कट्टर नास्तिक होते. पत्नी श्रद्धाळू कॅथलिक. दोन मुली झाल्या, पण संसार टिकला नाही. १९६६ साली थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि खांदा अधू झाला. विम्याचे पैसे घेऊन १९६७च्या अखेरीस ते एकटेच लंडनला गेले.

तिथे ग्रंथालयात त्यांनी हॅमिल्टन यांचे १९६४चे लेखन वाचले आणि ते अस्वस्थ झाले. चांगुलपणा म्हणजे जनुकांचा छुपा स्वार्थ एवढेच असेल, तर हे उत्तर त्यांना सोसवेना. ते खोडून काढता येते का, हे पाहण्यासाठी जीवशास्त्राचे किंवा संख्याशास्त्राचे रीतसर शिक्षण नसताना ते गणित करत बसले. हाती आले ते हॅमिल्टन यांच्या नियमाला आणखी बळकट करणारे समीकरण. एखादा गुण आणि संततीची संख्या यांच्यात जेवढा संबंध, तेवढा तो गुण पुढच्या पिढीत वाढतो वा घटतो, हे त्याचे सार. ते घेऊन प्राइस युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये गेले. ओळखदेख नसताना तिथल्या प्राध्यापकांनी त्यांचे कागद पाहिले आणि त्यांना काम करायला खोली दिली. १९७० साली समीकरण ‘नेचर’ नियतकालिकात आले. प्राण्यांच्या लढती जिवावर का बेतत नाहीत, यावरचा त्यांचा आणि जॉन मेनार्ड स्मिथ यांचा लेख १९७३ साली त्याच नियतकालिकात आला. तोही आज पायाभूत मानला जातो.

१९७०च्या जूनमध्ये प्राइस ख्रिस्ती झाले. आयुष्यात घडलेल्या योगायोगांची शक्यता त्यांनी गणिताने काढली, ती त्यांना फारच कमी वाटली आणि त्यांनी देव मानला. काही काळ ते बायबलमधल्या कालगणनेत बुडून गेले. मग सेवेकडे वळले. लंडनच्या रस्त्यांवरच्या बेघर, दारूच्या आहारी गेलेल्या माणसांना ते गाठत, काय हवे ते विचारत आणि देत. खिशातले पैसे दिले, अंगावरचे कपडे दिले, त्यांना आपल्या घरात झोपायला जागा दिली. शेवटी घर गेले. काही दिवस ते प्रयोगशाळेतच राहिले, मग ऑफिसांची साफसफाई करत यूस्टन भागातल्या एका पडक्या, बेकायदा वस्तीच्या इमारतीत राहिले. थायरॉइडच्या गोळ्या त्यांनी मध्येच बंद केल्या होत्या; मनाला नैराश्याने घेरले होते. ६ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपवले. त्यांचे कागद आणायला हॅमिल्टन त्या खोलीत गेले, तेव्हा तिथे एक गादी, एक खुर्ची, एक टेबल आणि काही पेट्या एवढेच सामान होते. अंत्यविधीला हॅमिल्टन, मेनार्ड स्मिथ आणि प्राइस यांनी मदत केलेले काही बेघर लोक आले होते.

स्वार्थाशिवाय चांगुलपणा असू शकतो, हे प्राइस स्वतःच्या आयुष्याने सिद्ध करू पाहत होते, असे अनेकांनी लिहिले आहे. त्यात तथ्य असेलही. पण आजार, एकाकीपणा आणि श्रद्धा यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. एवढे दिसते की त्यांच्या देण्याला मर्यादा नव्हती आणि देणाऱ्याला सांभाळणारे कुणी नव्हते. निःस्वार्थ असणे आणि स्वतःला पुसून टाकणे या निराळ्या गोष्टी आहेत. आधी पोटोबा मग विठोबा ही म्हण स्वार्थाची म्हणून हिणवली जाते, पण तिच्यात एक व्यवहार आहे: देणारा उभा राहिला, तरच देणे चालू राहते.

चिमटा पडल्यावर

माणसातला परोपकार किती खोल आहे, हे फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांच्या २००६ सालच्या प्रयोगांतून दिसते. एक अनोळखी माणूस दोरीवर कपडे वाळत घालतो आहे. त्याच्या हातून चिमटा खाली पडतो आणि हात पोहोचत नाही. समोर दीड वर्षाचे मूल आहे. ते दुडुदुडु जाते, चिमटा उचलते आणि त्याच्या हातात देते. त्याला कुणी सांगितलेले नसते, बक्षीस मिळत नसते, शाबासकीही नसते. माणसाने चिमटा मुद्दाम टाकला असेल, तर मात्र मुले सहसा उठत नाहीत. समोरच्याला गरज आहे का, हे नीट बोलताही न येणाऱ्या वयात त्यांना कळते.

मोठ्यांच्या हेतूची परीक्षा अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन यांनी घेतली. दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्याला त्रास होतो, तो थांबावा म्हणून आपण मदत करतो. म्हणजे मदतही स्वार्थीच, असा जुना युक्तिवाद आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सहभागींना पडद्यावर एक तरुणी दाखवली. तिला विजेचे झटके बसत आहेत असे भासवले होते. तिच्या जागी आपण बसायची तयारी आहे का, असे विचारले. काहींना तिथून सहज उठून जायची मोकळीक होती. मदत फक्त स्वतःचा त्रास टाळण्यासाठी असती, तर मोकळीक असलेले निघून गेले असते. ज्यांना तिच्याबद्दल फारसे काही वाटत नव्हते, त्यांतले बरेच गेलेही. पण तिच्याशी आपले साम्य आहे असे वाटल्याने ज्यांना तिच्याबद्दल कळवळा होता, त्यांतल्या बहुतेकांनी निघून जाता येत असूनही तिची जागा घ्यायची तयारी दाखवली. या निष्कर्षांवर वाद अजून चालू आहे, तरी सगळा परोपकार शेवटी स्वार्थच, हे विधान आता सहज करता येत नाही.

उगम आणि हेतू

जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९६१ साली एक फरक स्पष्ट केला. सजीवांबद्दल ‘का’ विचारले की दोन प्रश्न एकत्र येतात: हा गुण उत्क्रांतीत का टिकला, आणि हा जीव आत्ता असे का वागतो आहे. माणसाला गोड का आवडते? पिकलेल्या फळांतून ऊर्जा मिळत असे आणि गोडाची ओढ असलेले पूर्वज तगले, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर. पण श्रीखंडाची दुसरी वाटी मागणारा पाहुणा ऊर्जेचा हिशेब करत नसतो. त्याला श्रीखंड आवडते. त्याच्या आवडीचा उगम जनुकांत आहे म्हणून त्याची आवड खोटी ठरत नाही.

परोपकाराचेही तसेच आहे. तापलेल्या लेकराच्या कपाळावर रात्रभर पाण्याच्या घड्या ठेवणारी आई निम्म्या जनुकांचा विचार करत नाही. उत्क्रांतीने तिला हिशेब दिला नाही, माया दिली. आणि माया एकदा आली की ती हिशेबाच्या सीमेवर थांबत नाही. नात्यासाठी घडलेली करुणा दत्तक मुलाला, वाटसरूला, जखमी कुत्र्याला पुरते. परस्परांच्या लाभातून आलेली सावड नाव न सांगता रक्तदान करणाऱ्यापर्यंत जाते. त्याने दिलेली बाटली कुणाला चढली हे त्याला कधी कळत नाही. माणसाच्या आयुष्याला अर्थ कशाने येतो, या प्रश्नाला जीवशास्त्र उत्तर देत नाही. जगण्याचा अर्थ दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यात आहे असे ज्यांना वाटते, त्यांचे वाटणे जुने, खोल आणि माणसाच्या घडणीत मुरलेले आहे, एवढे मात्र ते दाखवते.

दोन भाऊ आणि आठ चुलत भावांचा हिशेब सांगणारे हॉल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले आणि भारताचे नागरिक झाले. आधी कोलकात्यात आणि मग भुवनेश्वरला त्यांनी संशोधन केले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह आंध्र प्रदेशातल्या काकिनाडा इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. तिथले विद्यार्थी त्यांचे कुणी लागत नव्हते.